नव्याचे नऊ दिवस, हप्त्यांची सात वर्षं

गेले दोन महिने आमच्या घराण्यात एकच विषय चालू आहे. भाच्याची गाडी. कोणाच्या लग्नाचा विषय निघाला तरी आमचे लोक इतक्या हिरिरीने बोलत नाहीत. भाचा सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, चार वर्षं डबा नेऊन आणि बसने जाऊन साठवलेले चार लाख रुपये, आणि त्याला हवी आहे 'स्पोर्टी' गाडी. ताईचं म्हणणं, स्पोर्टी-बिर्टी काही नको, चार माणसं आणि दोन बॅगा बसतील अशी साधी गाडी घे. दाजींचं म्हणणं, काय घ्यायची ती घे, पण नवी कोरी घे. दुसऱ्याने वापरलेली गाडी आपल्या दारात उभी राहणार नाही. भाच्याचं म्हणणं, "मामा, तूच सांग ना बाबांना काहीतरी." आता गाड्यांच्या बाबतीत मी घराण्यातला मान्यताप्राप्त वेडा असल्यामुळे माझं मत विचारलं जाणं ओघानेच आलं. फोनवर सांगून झालं, जेवणाच्या ताटावर सांगून झालं, प्रत्येकाने आपल्याला हवं तेवढंच ऐकलं. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. म्हणजे दाजींना चष्मा लावून सावकाश वाचता येईल.

आधी 'स्पोर्टी' म्हणजे काय ते ठरवू, कारण अर्ध्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. ताईच्या डोळ्यांपुढे लाल रंगाची, जमिनीला टेकलेली, दोन दारांची कोटभर रुपयांची गाडी येते. तसलं काही नाही हो! आपल्याकडे मध्यमवर्गीयाला परवडणारी स्पोर्टी गाडी म्हणजे लहानशी हॅचबॅक, वजन साधारण हजार-अकराशे किलो, पुढे छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, आणि स्टिअरिंग-सस्पेन्शन जरा घट्ट. बस. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ साली आली ती या जातीची, एक लिटरचं इंजिन आणि १२० पीएस ताकद. टाटांनी जून २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आणली, तीही १२० पीएसचीच. त्याआधीच्या दोन लाडक्या गाड्या तर आपल्या पुण्याच्या अंगणात बनल्या. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणला, आणि फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावला. २०१५ मध्ये आलेल्या त्या अबार्थला १४५ पीएसचं इंजिन होतं आणि शोरूमची किंमत दहा लाखांच्या किंचित आत! अशी गाडी पुन्हा झाली नाही.

(सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट जगभर विकली गेली, पण ज्या देशात स्विफ्ट सर्वात जास्त जिव्हाळ्याची त्या देशात ती कधी आलीच नाही. हे दुःख वेगळं. असो.)

तर मुद्दा काय, की यातल्या बऱ्याच गाड्या आता नव्या मिळतच नाहीत. पोलो २०२२ मध्ये बंद झाली. फियाटने त्याआधीच गाशा गुंडाळला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्याबरोबर फिगो गेली. वरच्या टोकाला २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणि नवी ऑक्टाव्हिया आरएस आल्या, पण मोजक्याच, आणि पन्नास लाखांच्या आसपास. तेवढ्यात आमच्याकडे वन बीएचके येतो असं म्हणायचे दिवसही गेले, पण तुम्हाला भावार्थ कळला. म्हणजे 'नवी की वापरलेली' हा प्रश्न विचारताना नव्याच्या बाजूला पर्याय मुळातच दोन-चार. वापरलेलीच्या बाजूला अख्खा बाजार.

आता साध्या गाडीच्या बाबतीत माझं मत मी पूर्वीपासून सांगत आलोय. वापरलेली घ्या, सुरुवातीची घसरण पहिल्या मालकाला सोसू द्या. पण हेच वाक्य उचलून स्पोर्टी गाडीला लावता येत नाही, आणि इथे मला दाजींची बाजू थोडी घ्यावी लागणार आहे. एखाद्या काकांनी वापरलेली साधी वॅगन आर म्हणजे देवळात ठेवलेली गाडी. मंडई, दवाखाना आणि वर्षातून एकदा कोकण. स्पोर्टी गाडी मात्र माणूस घेतोच मुळी पिळण्यासाठी. पहिल्या मालकाने ती थंड इंजिनावर किती ताणली, ताम्हिणीतून आल्याआल्या टर्बो तापलेला असताना चावी किती वेळा फिरवून बंद केली, सिग्नलला क्लच किती जाळला, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्यात 'रिमॅप' नावाचा प्रकार. इंजिनाचा जो संगणक असतो त्यातला प्रोग्राम बदलून शंभर-एकशे दहाच्या गाडीतून एकशे तीस-चाळीस काढतात. कंपनीची वॉरंटी तिथेच संपते, क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण वाढतो, आणि विकायच्या आधी मूळ प्रोग्राम परत टाकला की वरवर पाहून कळतही नाही. म्हणजे जी घसरण टाळायला आपण वापरलेली घ्यायला गेलो, तिच्या बदल्यात दुसऱ्याची हौस विकत घेतली असंही होऊ शकतं.

मग नवी घ्यावी? थांबा, आता जरा आकडे मांडू. दाजी बँकेत होते, आकडे त्यांना आवडतात.

समजा गाडीची शोरूम किंमत १० लाख. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख १० हजार. त्यात विमा (नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे), नोंदणी, फास्टॅग वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ११ लाख ६० हजार. भाचा २ लाख ६० हजार भरणार, बाकी ९ लाखांचं कर्ज. ९ टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर हप्ता १४ हजार ४८० च्या आसपास. सात वर्षांत भरणार १२ लाख १६ हजार, पैकी व्याजच ३ लाखांवर.

आता दुसरी बाजू. तीच गाडी तीन वर्षांची. भाव साधारण ७ लाख धरू. भाचा अडीच लाख भरणार, कर्ज साडेचार लाख. वापरलेल्या गाडीला व्याज जास्त लागतं, म्हणून १२ टक्के धरतो आणि मुदत चारच वर्षं. हप्ता ११ हजार ८५० च्या आसपास. व्याजाचा दर जास्त असूनही एकूण व्याज जातं १ लाख २० हजारांच्या आत.

"हप्त्यात तर जेमतेम अडीच हजारांचा फरक!" हे दाजींचं वाक्य मला इथून ऐकू येतंय. बरोबर आहे. म्हणूनच हप्ता बघून गाडी घेऊ नये असं मी म्हणतो. हप्ता हा शोरूमवाल्याने आपल्याला दाखवलेला चेहरा असतो, खरी गोष्ट मुदतीत लपलेली असते. चार वर्षांनी वापरलेल्या गाडीवाला मोकळा झाला असेल, आणि नवीवाल्याचे छत्तीस हप्ते, म्हणजे सव्वापाच लाख रुपये, अजून शिल्लक असतील.

यापुढचा हिशोब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, दोनच वर्षांनी गाडी विकायची वेळ आली तर? गाडीची किंमत कशी घसरते याचं विमावाल्यांचं एक ठरीव कोष्टक आहे, आयडीव्हीचं. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. बाजारभाव त्याच्या थोडा खालीवर असतो, पण मोजपट्टी म्हणून हे कोष्टक वाईट नाही. दोन वर्षं पूर्ण झालेली आपली दहा लाखांची गाडी या हिशोबाने ७ लाखांची. आणि कर्ज किती उरलेलं असेल? ६ लाख ९७ हजार! म्हणजे गाडी विकून कर्ज फेडलं की हातात तीन हजार. सुरुवातीला भरलेले २ लाख ६० हजार गेले, चोवीस हप्ते गेले, गाडीही गेली. वापरलेल्या गाडीचं काय? ती तोवर पाच वर्षांची, म्हणजे ५ लाखांची. कर्ज उरलेलं अडीच लाखांचं. हातात अडीच लाख, म्हणजे सुरुवातीला भरलेली रक्कम जवळजवळ जशीच्या तशी.

"पण दोन वर्षांत विकेल कशाला?" हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी भाच्याच्या परवानगीने इथे लिहितोय. ताई, दाजी, जरा शांतपणे वाचा. त्याला आयुष्यभर हिंजवडीत बसायचं नाहीये. गांधीनगरला एनआयडीमध्ये वाहन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा द्यायची त्याच्या मनात आहे. वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्यांची चित्रं काढणारा मुलगा तुम्हीच वाढवलाय, तेव्हा फार आश्चर्य वाटायला नको. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी. आणि समजा नाहीच झालं, तरी २०२५ मध्ये आयटीतल्या कपातीच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. अशा वेळी सव्वीस वर्षांच्या पोराच्या पायात चौऱ्याऐंशी महिन्यांचा हप्ता अडकवायचा? त्याला नोकरी सोडाविशी वाटेल त्या दिवशी तो गाडीकडे बघेल आणि गप्प बसेल. मोकळं वाटावं म्हणून जी गाडी घ्यायची, तिनेच दावणीला बांधायचं, हे मला पटत नाही. माझ्या सगळ्या मताचं सार हे एवढंच आहे. बाकीचं तपशील.

त्यात ही पहिलीच स्पोर्टी गाडी. तिचं काम काय? तर आपल्याला नक्की काय आवडतं ते कळणं. वीस-बावीस वर्षांचं असताना सगळ्यांनाच वाटतं आपल्याला वेग आवडतो. प्रत्यक्षात द्रुतगती मार्गावर मर्यादा ताशी १०० ची, वर कॅमेरे, आणि कर्वे रस्त्यावर तर संध्याकाळी दुसरा गिअर पडला तरी माणूस पेढे वाटेल. वेग हा प्रकार आपल्या रस्त्यांवर फारसा मिळत नाही आणि मिळूही नये. मिळतं ते दुसरंच काही. पहाटे साडेपाचला ताम्हिणीत वळणावर गाडी जिथे दाखवली तिथेच जाते, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना इंजिनाचा सूर बरोबर जुळतो, ब्रेकवर पाय ठेवताना गाडी नाक किती खाली करणार हे आधीच कळतं. काहींना यात ब्रह्मानंदी टाळी लागते. काहींना सहा महिन्यांत कळतं की आपल्याला फक्त एक्झॉस्टचा आवाज आणि लाल शिलाईची सीट आवडत होती, कंबर मात्र कडक सस्पेन्शनने गेली. दोन्ही ठीक आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हे शोधायची फी पाच लाख असावी की लाख-दीड लाख?

मी स्वतः २०१४ मध्ये चार वर्षं वापरलेली, छोट्या टर्बो इंजिनाची हॅचबॅक घेतली आणि आठ वर्षं वापरली. कोणत्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिच्यावरच घसरेल. आठ वर्षांत एकदा क्लच बदलला, एकदा सस्पेन्शनचे सगळे बुश, दोनदा टायरचे सेट, आणि एका पावसाळ्यात वरंध्याच्या पायथ्याशी कूलंटची नळी फुटून चार तास वडापाव खात बसलो. सगळं मिळून खर्च कमी नव्हता. पण त्या गाडीने मला गाडी चालवायला शिकवलं. नव्या गाडीला पहिले सहा महिने आपण चालवत नाही, जपतो. पार्किंगमध्ये दुरून नजर, भाजीवाल्याच्या हातगाडीचा धसका, आणि पहिला ओरखडा पडला की घरात सुतक. माझ्या गाडीला ओरखडे आधीच्या मालकानेच पाडून ठेवले होते, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून रस्त्याकडे बघू शकलो.

आता दाजींचा खरा आक्षेप. "दुसऱ्याने वापरलेली." दाजी, तुम्ही कोथरूडचा जो फ्लॅट घेतलात तो रीसेलचा आहे. त्या घरात तुमचा संसार झाला, पोरगं मोठं झालं, आणि आजही तुम्ही "काय भिंती आहेत, आताच्या बांधकामात असं मिळतं का" म्हणून पाहुण्यांना भिंत वाजवून दाखवता. ताईची सगळ्यात आवडती पैठणी आईची आहे. आपल्याला जुन्या वस्तूचं वावडं नाहीच मुळी. वावडं आहे ते अनोळखी माणसाच्या वस्तूचं. आणि ते बरोबरच आहे! म्हणून गाडीपेक्षा आधी मालक तपासायचा. मुलगी द्यायची तशी चौकशी करायची.

ती कशी करायची, तर माझ्या पद्धतीने सांगतो.

पहिलं, गाडी एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघायची. कारण पेट्रोल. २० टक्के इथेनॉलचं ई२० पेट्रोल २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे झालं, आणि एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबरी भाग आणि इंधनाचे पाईप ते धरूनच बनवलेत. त्याआधीच्या गाड्यांना मायलेजचा फटका जास्त, आणि रबराची काळजी वेगळी. पोलो जीटी आणि अबार्थवर माझा जीव आहे, पण म्हणूनच त्या पहिली गाडी म्हणून नकोत. सुटे भाग शोधत फिरायची हौस असलेल्याची ती दुसरी किंवा तिसरी गाडी. आय२० एन लाइन बघणार असाल तर आणखी एक. सप्टेंबर २०२३ पर्यंत तिला क्लचचं पेडलच नसलेला आयएमटी गिअरबॉक्स होता, नंतर खरा सहा गिअरचा मॅन्युअल आला. गिअर-क्लचची मजा हवी असेल तर त्यानंतरचीच बघावी.

दुसरं, एकच मालक, एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंग. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार राहिली आहे. पण तिकडची एनओसी आणा, इथे पुन्हा रोड टॅक्स भरा, आरटीओत खेटे घाला. स्वस्ताई तिथेच संपते.

तिसरं, विम्याची जुनी पॉलिसी मागायची आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस बघायचा. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५० असा तो चढतो. तीन वर्षांच्या गाडीच्या ताज्या पॉलिसीवर शून्य दिसला तर विचारायचं, "काय ठोकली होती?" चेहऱ्यावरून उत्तर मिळतं. (हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो आपल्याकडे येत नाही, हेही लक्षात ठेवा.)

चौथं, टायर. प्रत्येक टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. गाडी पंधरा हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि चारही टायर नवे? मग मीटर तरी मागे फिरलाय, नाहीतर टायर तरी वळणावर जळलेत. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा जास्त झिजलेल्या असतील तर मालक हौशी होता असं समजावं.

पाचवं, इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जायचं. "गाडी गरम करून ठेवतो हं" म्हणणाऱ्याला नको म्हणून सांगायचं. थंड चालू करताना निळसर धूर, खडखड, काहीही लपत नाही. मग कंपनीच्या सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड, आणि ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून तपासणी. दोन-तीन हजार जातात. सात लाखांच्या मालाला तेवढी दक्षिणा काही जास्त नाही. गाडीवर कर्ज बाकी आहे का, चलनं थकली आहेत का, हे परिवहनच्या ॲपवर घरबसल्या दिसतं. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५, आणि नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. हे झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

सहावं, भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेसही गेला. त्यामुळे मालकाने त्याआधी किती मोजले होते याला काही अर्थ उरत नाही. तो "मला बारा पडली होती" म्हणणारच. आपण आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून खाली मोजत यायचं.

आणि सातवं, जे सगळ्यात महत्त्वाचं. गाडीच्या किमतीचा सहावा हिस्सा बाजूला ठेवायचा. सात लाखांच्या गाडीला लाख-सव्वा लाख. तो ठेवता येत नसेल तर एक पायरी स्वस्त गाडी घ्यायची, पण तो पैसा गाडीत घालायचा नाही. हा क्लचचा, टर्बोचा, चार टायरचा पैसा. नव्या गाडीत आपण घसरणीचे पैसे मोजतोच, महिन्याला बारा-चौदा हजार, फक्त ते दिसत नाहीत. वापरलेल्या गाडीत कधीतरी एकदम चाळीस हजार मोजावे लागतात आणि ते दिसतात, म्हणून दुखतात. ज्याच्याकडे ते बाजूला काढलेले आहेत त्याला वापरलेली गाडी स्वस्त. ज्याच्याकडे नाहीत त्याला ती महाग, मग भले फुकट मिळाली तरी.

नवी कोणी घ्यावी? जो दहा-बारा वर्षं तीच गाडी ठेवणार आहे त्याने. ज्याला आपली आवड पक्की कळलेली आहे त्याने. ज्याचा विश्वासाचा मेकॅनिक नाही आणि शोधायला वेळही नाही त्याने. आणि ज्याला रात्री बारीक आवाज आठवून झोप लागत नाही त्यानेही. वॉरंटी म्हणजे झोपेची किंमत असते, ती मोजण्यात चूक काही नाही. माझ्या एका मित्राला मी स्वतः नवीच घ्यायला लावली, कारण तो रोज ऐंशी किलोमीटर गाडी चालवतो आणि बॉनेट कुठून उघडतं हे त्याला अजून माहीत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती ताईसाठी. तू म्हणतेस ते 'साधी गाडी घे' यामागे नवं-जुनं काही नाही, मला माहीत आहे. तुला भीती आहे वेगाची. रात्री साडेअकराला फाटकाचा आवाज येईपर्यंत तू जागी असतेस, ते त्याने बसने जायचं सोडलं की आणखी वाढेल. त्यावर माझ्याकडे हिशोब नाही. एवढंच सांगतो की चांगल्या ब्रेकची, घट्ट स्टिअरिंगची, सहा एअरबॅगांची गाडी ही ढिल्या गाडीपेक्षा वाचवणारी असते, आणि त्याची अट मी भाच्याला घातली आहे. एअरबॅगा आणि घसरण आवरणारी ईएससी यंत्रणा नसेल ती गाडी यादीतून बाद, कितीही देखणी असो. रिमॅप केलेली बाद, आणि पुढे स्वतः रिमॅप केली तर मामा-भाचे संबंध बाद. पहिले तीन महिने घाटात गेला तर शेजारच्या सीटवर मी. हे त्याने कबूल केलंय.

तेव्हा दाजी, माझं मत हे असं आहे. वापरलेली घेऊ द्या, बघून-पारखून घेऊ द्या, चार वर्षांच्या वर कर्ज काढू देऊ नका. पूजा दोन्हीची सारखीच होते. हार तोच, नारळ तोच, आणि चाकाखाली लिंबू ठेवताना गाडी कितव्या मालकाची ते लिंबाला कळत नाही. पुढे कधी त्याने स्वतः चितारलेली गाडी शोरूममध्ये उभी राहिली, तर ती मात्र आपण सगळे मिळून नवी कोरी घेऊ. पेढे माझ्याकडून.